जुन्या सायकलचं साल कसं ओळखायचं?

आमगावकडच्या एका विद्यार्थ्याच्या पणजोबांची सायकल भंगारात किलोवर निघाली होती. घरचे म्हणत, "इंग्लंडची आहे सर." म्हटलं, थांबा, आधी फ्रेम बघू!

रंगावर जाऊ नका, तो कितीदाही बदलतो. हँडलखालच्या नळीवरचा बिल्ला रॉकेलने पुसा. हर्क्युलिस असेल तर गाव वाचा. बर्मिंगहॅम असेल तर इंग्लंडची. मद्रास असेल तर १९४९ नंतरची, कारण टीआय सायकल्स कंपनीच तेव्हा निघाली. ॲटलस १९५१ च्या आणि हिरो १९५६ च्या आधीची असूच शकत नाही.

पण बिल्ला बदलता येतो. म्हणून सीटखाली किंवा पायडलच्या कप्पीखाली ठोकलेला फ्रेम नंबरही उतरवून घ्या. चाकं, चेन तर बहुतेक नंतरचीच असतात.

आमच्या सायकलवर मद्रास निघालं. तरी भंगारवाला रिकाम्या हाती गेला.