भार कुठे आहे ते पाहा

स्पोर्ट्स कारची तुलना निघाली की आधी अश्वशक्तीचे आकडे फेकले जातात. पण वळणावर गाडी हाताला कशी लागते, हे ठरते ते वजन किती आणि कुठे आहे यावर. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ चे इंजिन पुढे, पण पुढच्या आसामागे सरकवलेले; वजन टनाच्या आसपास आणि दोन्ही आसांवर जवळपास सारखे वाटलेले. म्हणून ती स्टिअरिंगच्या इशाऱ्यासरशी वळते, आणि घसरलीच तर सांगून घसरते. पोर्शे ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे. सुमारे ६० टक्के भार तिकडे असल्याने वळणातून बाहेर पडताना मागची चाके रस्ता घट्ट धरतात. मात्र ऐन वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला, की भार पुढे झुकतो आणि जुन्या ९११ ची शेपटी लंबकासारखी बाहेर फिरते.

रुंद टायर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणांनी हा फरक पुसला, असे म्हणतात. ते अर्धेच खरे. स्थैर्य राखणारी यंत्रणा मुख्यतः पकड सुटू लागल्यावर मध्ये पडते. त्याआधी हाताला आणि कमरेला जाणवणारा फरक उरतोच. घड्याळ लावून ट्रॅकवर धावायचे असेल, तर ९११ घ्यावी. बेताच्या वेगात मजा हवी असेल, तर माझे मत माझदाला.