भोकाचा पैसा आणि चिंच

मुलांनो, आजीच्या डब्यात भोकाचा पैसा आहे का, पाहा बरं! हा १९४३ ते १९४७ या सालांचा. महायुद्धाच्या काळात धातू वाचावा म्हणून मधे भोक.

माझ्याकडेही एक होता. चौथीत असताना चिंच-राखेनं घासून मी तो लखलखीत केला आणि ऐटीत एका जाणकार काकांना दाखवला. ते हळहळले. "अरेरे! तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हता, बाळ. ते नाण्याचं वय होतं. आता निम्मी किंमतही उरली नाही."

तर नाणं कडेनं धरा, भिंग घ्या. साल नीट वाचता येतं? मुकुटाची नक्षी, पानांच्या शिरा दिसतात? झीज आधी उंच भागावरच होते. भोकाची कड ठेचलेली तर नाही?

आणि 'जुनं म्हणजे महाग' असं मुळीच नाही हं! हे पैसे कोट्यवधी पाडले गेले. त्यामुळे झिजलेल्याला थोडेच रुपये मिळतात. कोऱ्या करकरीत नाण्याला मात्र जास्त. लाखो रुपये देऊ म्हणणाऱ्या जाहिरातींना भुलू नका.

डबा जरूर उघडा. चिंच मात्र आमटीतच राहू द्या!