मांडव उतरल्यानंतरचं काम

कला-व्यवस्थापन हे मोठ्या शहरांचं खूळ, असं वाटणाऱ्यांनी वर्ध्याकडे पाहावं. इथे १९६९ नंतर थेट फेब्रुवारी २०२३मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. असं आयोजन कार्यकर्ते हौसेनं करतात, हा आक्षेप संमेलनाच्या तीन दिवसांपुरता खरा. पण १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या इथल्याच मगन संग्रहालयासारख्या ठिकाणी लाकडी चरख्यांना वाळवीचं भय बारमाही. वस्तूंची नोंदवही, पावसाळ्यातली ओल, अनुदानाचा हिशेब, शाळांच्या सहली यांना रोजचा, पगारी माणूस लागतो. पदं मोजकीच असतात, हे मान्य. म्हणूनच नुसती रसिकता पुरत नाही. ताळेबंद वाचता यावा, प्रस्ताव लिहिता यावा. वर्ध्याच्याच हिंदी विश्वविद्यालयात नाट्यकला शिकणाऱ्यांनाही.