बेडकीचा पाला : जिभेवरील गुण व रक्तातील गुण

कोकणात व सह्याद्रीच्या रानात झाडाझुडपांवर चढणारी एक वेल आढळते. तिच्या पानांस मराठीत बेडकीचा पाला म्हणतात. हिंदीत ती गुडमार ह्या नावाने, तर वनस्पतिशास्त्रात जिम्नेमा सिल्वेस्ट्रे ह्या नावाने ओळखली जाते. हिचे पान चघळल्यानंतर साखर खाल्ली असता तिची गोडी लागत नाही. वाळूचे कण तोंडात घोळत असल्याचा भास तेवढा होतो. हा परिणाम काही काळाने आपोआप ओसरतो. जे पान जिभेवरील गोडी मारते ते रक्तातील साखरही मारील, असे अनुमान सहज सुचते. मधुमेहावरील देशी औषधांत ह्या पाल्याला पूर्वीपासून स्थान आहे. परंतु जिभेवरील गुण व रक्तातील गुण ह्या दोन स्वतंत्र गोष्टी असून त्यांची परीक्षाही स्वतंत्रपणेच करावी लागते.

पहिल्या गुणाविषयी शंकेस जागा नाही. एजवर्थ ह्यांच्या निरीक्षणामुळे १८४७ मध्ये तो पाश्चात्य वैज्ञानिकांच्या नजरेस आला. पुढे १८८७ मध्ये डेव्हिड हूपर ह्यांनी पानांतून एक द्रव्य वेगळे काढून त्यास जिम्नेमिक आम्ल असे नाव दिले. हे एकच द्रव्य नसून परस्परांशी साम्य असलेल्या अनेक सॅपोनिनांचे मिश्रण आहे, हे नंतर सिद्ध झाले. मानवी जिभेवर गोड चव ओळखणारी जी प्रथिने असतात, त्यांपैकी एकाशी ही द्रव्ये संलग्न होतात व गोडीची संवेदना तात्पुरती थांबते. उंदरांच्या जिभेवर मात्र त्यांचा प्रभाव फारसा पडत नाही. तेथे ह्याच पानातील गुरमारिन नावाचे ३५ अमिनो आम्लांचे निराळे द्रव्य परिणाम घडविते, आणि ते माणसावर जवळजवळ निष्प्रभ ठरते. प्राण्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष माणसास लावताना किती सावधगिरी हवी, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसऱ्या गुणाचा प्रश्न अधिक बिकट आहे. रक्तातील साखर केवळ खाल्लेल्या साखरेपासून येत नाही. भात-भाकरीतील पिष्टापासून ती बनते आणि उपाशीपोटी यकृतही ती रक्तात सोडीत असते. म्हणून जीभ बधिर झाल्याने मधुमेह हटत नाही. डॉ. म्हसकर व फादर केयस ह्यांनी ह्या वनस्पतीवरील आपला अभ्यास १९३० मध्ये प्रसिद्ध केला. पाल्याची क्रिया साखरेवर प्रत्यक्ष होत नसून स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवण्याची चालना मिळाल्याने अप्रत्यक्षपणे होते, असे त्यांचे मत पडले. हे मत ग्राह्य धरल्यास ज्या रुग्णाच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या आहेत, त्यास पाल्यापासून विशेष लाभ होण्याची अपेक्षा धरता येत नाही.

ह्यानंतरचे उल्लेखनीय काम मद्रास येथे झाले व १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या २२ रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर पानांचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम ह्या प्रमाणात १८ ते २० महिने देण्यात आला. रक्तशर्करा उतरली आणि ५ रुग्णांना नेहमीचे औषध थांबविता आले. इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या २७ रुग्णांतही इन्सुलिनची गरज कमी झाल्याचे नमूद आहे. हे निष्कर्ष आशादायक खरे. परंतु रुग्णांची संख्या अल्प होती, त्यांची विभागणी यदृच्छेने केलेली नव्हती, आणि कोणास अर्क मिळतो हे रुग्ण व वैद्य दोघांनाही ठाऊक होते. अशा स्थितीत आहारातील पथ्य, नियमित तपासणी व मनाचा विश्वास ह्यांचा वाटा अर्काच्या वाट्यापासून वेगळा काढणे दुष्कर असते.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात पाल्याच्या भरवशावर इन्सुलिन बंद केल्यास थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते. उलट, औषधे चालू असतानाच पाला घेतल्यास रक्तशर्करा प्रमाणाबाहेर उतरण्याचा संभव असतो. शिवाय बाजारातील चूर्णांत क्रियाशील द्रव्यांचे प्रमाण सारखे नसते. तेव्हा प्रमाणित अर्क घेऊन, पुरेशा रुग्णांवर व तुलनेसाठी निष्क्रिय गोळी ठेवून परीक्षा होणे, हाच पुढील मार्ग आहे. परंपरेने ह्या वेलीकडे बोट दाखविले, हे तिचे ऋण मोठे आहे. परंतु तिच्या गुणाचा निवाडा जिभेवर नव्हे, रक्तातच व्हावयास हवा.