२४९ वा मणी

यांगत्सी नदी समुद्राला मिळते तिथं, चीनच्या जिआंग्सू प्रांतात, छिडोंग नावाचा भाग आहे. हवा दमट, आणि एके काळी लोकांचं मुख्य अन्न मका. यकृताच्या कर्करोगासाठी हा भाग जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक होता. १९९१ साली इथल्या १६ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. त्यातल्या ८ गाठींत एकाच जनुकात, एकाच जागी बदल निघाला. त्याच वर्षी आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांतही ती जागा सापडली. कर्करोगात या जनुकातल्या चुका एरवी अनेक जागी विखुरलेल्या असतात, म्हणून हा योगायोग वाटेना.

जनुकाचं नाव टीपी५३. ते १७ व्या गुणसूत्रावर असतं आणि त्यावरून पी५३ हे प्रथिन बनतं, ३९३ अमिनो आम्लांच्या मण्यांची माळच म्हणा. १९७९ मध्ये ते सापडलं आणि पुढची दहा वर्षं कर्करोग घडवणारं म्हणून बदनाम राहिलं. गंमत अशी, की प्रयोगशाळांत फिरणारे त्याचे बरेच नमुने मुळात बिघडलेले होते! धडधाकट पी५३ हा पेशीचा राखणदार निघाला. डीएनएला इजा झाली की ते डीएनएला धरून पी२१ नावाचं जनुक जागं करतं आणि पेशीचं विभाजन थांबतं. दुरुस्ती अशक्य असेल, तर पेशीला मरायला लावतं.

२४९ वा मणी आर्जिनिनचा. त्याची आज्ञा जनुकात 'एजीजी' अशी तीन अक्षरांत असते. छिडोंगच्या त्या आठांपैकी सात गाठींत शेवटच्या 'जी'चा 'टी' झाला होता, त्यामुळे आर्जिनिनच्या जागी सेरिन बसलं. डीएनएला धरणारा भाग ज्या मण्यामुळे घडी धरून राहतो, तोच बदलला. पकड सुटली. एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. अलीकडच्या प्रयोगांत हा बिघडलेला राखणदार पेशीवाढीला रेटा देणाऱ्या मिक या प्रथिनाला मदत करताना दिसला. म्हणजे फितूरच.

अक्षर बदललं कुणी? साठवणीच्या धान्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस बुरशीच्या विषानं, अफ्लाटॉक्सिननं. खरं तर ते पोटात जातं तेव्हा तितकं घातक नसतं. ते निकामी करायला निघालेलं यकृतच त्याला डीएनएतल्या 'जी'ला चिकटणारं रूप देतं. त्यात हिपॅटायटिस बीच्या विषाणूची लागण असेल, तर तिच्यामुळे मेलेल्या पेशींची भरपाई करायला उरलेल्या पेशी सतत दुभंगत राहतात आणि चूक दुरुस्त व्हायच्या आत पेशींच्या पुढच्या पिढीत उतरते. शांघायमधल्या पुरुषांच्या पाहणीत हे विष आणि हा विषाणू दोन्ही असलेल्यांचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या सुमारे ६० पट निघाला.

हे विष आपल्याकडेही येऊन गेलं आहे. १९७४ मध्ये राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल इथं अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शेकडो लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं; शंभरावर माणसं दगावली. तो तडकाफडकी झालेला आघात होता. छिडोंगमध्ये तेच विष वर्षानुवर्षं थोडंथोडं पोटात जात होतं, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं.

१९८० च्या दशकात छिडोंगच्या ताटात मक्याऐवजी भात आला. तिथं यकृताच्या कर्करोगानं होणारे मृत्यू पुढं निम्म्याच्या आसपास उतरले, आणि ही घट हिपॅटायटिसची लस घेतलेली पिढी मोठी होण्याआधीच दिसू लागली होती.

तेव्हा डब्यात हिरवट बुरशी धरलेले शेंगदाणे दिसले, तर भाजून कूट करू नका. भाजल्यानं हे विष पुरतं जात नाही. सरळ फेकून द्या. आणि घरात बाळ जन्माला आलं, तर हिपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोस २४ तासांच्या आत द्यायला विसरू नका.