दवाखान्यापासून दरपत्रकापर्यंत

आजारी माणसाच्या उपचाराचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न परभणी जिल्ह्याच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात निरनिराळी रूपे धारण करून वारंवार उभा राहिलेला आहे. आणि त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांनी त्याला दिलेली उत्तरे क्रमाने मांडून पाहिली, तर त्यांपैकी कोणते रयतेच्या उपयोगी पडले आणि कोणते अपुरे राहिले, याचा निवाडा करणे फारसे कठीण नाही.

देशातील आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 साली आपला अहवाल सादर केला, तेव्हा हा जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणास्तव कोणीही उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे आधारतत्त्व होते; आणि 1948 च्या जुलैत ब्रिटनने करांच्या उत्पन्नातून सर्व नागरिकांना वैद्यकीय सेवा पुरविण्याची जी व्यवस्था अमलात आणली, तिच्याही मुळाशी हाच विचार होता. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला मराठवाडा निजामी अमलातून मुक्त झाला, 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला, आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार लोकनियुक्त सभासदांच्या हाती गेला. पुढे सपाट प्रदेशात 30 हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र आणि 5 हजारांमागे एक उपकेंद्र असा दंडक ठरला. दवाखाना कोणत्या गावी उघडावा, डॉक्टर नेमणुकीच्या ठिकाणी राहतो की नाही, कपाटात औषध शिल्लक आहे की नाही, यांवर त्या काळी वाद होत. उपचार सरकारने द्यावयाचा, याविषयी वाद नव्हता.

परंतु तत्त्व मान्य होणे आणि त्यासाठी तरतूद होणे, यांत मोठे अंतर राहिले. प्रादेशिक असमतोलाची छाननी करणाऱ्या दांडेकर समितीने 1984 मध्ये मराठवाड्याचा जो अनुशेष आकड्यांनिशी मांडला, त्यात आरोग्यसेवेचाही समावेश होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस 1956 मध्ये, अंबाजोगाईस 1974 मध्ये आणि नांदेडास 1988 मध्ये झाले; परभणीस मात्र जनआंदोलनानंतर 2023 साल उजाडावे लागले. या मधल्या कालखंडात जिंतूर वा सोनपेठकडील शेतकऱ्याला अवघड दुखण्यासाठी नांदेड अथवा औरंगाबाद गाठणे भाग पडले, आणि गाडीचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, परगावचा मुक्काम हा सारा खर्च त्याच्याच पदरचा झाला. रुग्णालयाच्या कोणत्याही पावतीवर तो कधी उमटला नाही.

औषधांच्या किमतींबाबत देशाने एके काळी ठाम धोरण स्वीकारले होते. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधी पदार्थावरचा मक्ता नाकारून केवळ निर्मितीच्या प्रक्रियेला संरक्षण दिले, आणि त्याच वर्षी किंमत नियंत्रणाचा आदेशही निघाला. 2005 मध्ये तो मक्ता परत आला. आणि 2013 च्या आदेशाने उत्पादनखर्चाऐवजी बाजारातील सरासरी भाव हा कमाल किमतीचा आधार ठरविला, म्हणजे ज्या भावाला आळा घालावयाचा, तोच नियंत्रणाचे माप झाला. शासनाने मनावर घेतल्यास काय घडते, हे फेब्रुवारी 2017 मध्ये दिसून आले: रुग्णाला लाखाच्या घरात पडणाऱ्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली गेली.

दरम्यान वादाचा रोख, दवाखाना कोठे असावा यावरून उपचाराचे बिल कोणी भरावे याकडे, पालटला होता. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा नांदेड त्यांत होता, परभणीस नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावे लागले. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर दीड लाखापर्यंतचे ठराविक उपचार पैसे न भरता होऊ लागले. आणि शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या 14 जिल्ह्यांत, ज्यांत परभणीचा समावेश होतो, पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांनाही पुढे ती सवलत मिळाली. 2017 मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले, आणि 2023 च्या निर्णयाने मर्यादा 5 लाखांवर नेऊन सर्व शिधापत्रिकाधारकांना तिच्या कक्षेत घेतले. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या आजारापायी जमीन गहाण टाकण्याची पाळी हिच्यामुळे अनेकांवरून टळली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु ही मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची योजना आहे. रक्तदाबाची व मधुमेहाची रोजची गोळी, तापातील तपासण्या, बाहेरून आणावयास सांगितलेले औषध, यांचा भार तिने उचललेला नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्येही देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला.

दरांवर प्रत्यक्ष हुकमत चालविण्याचा मोठा प्रयोग करोनाच्या साथीत झाला. मे 2020 मध्ये राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतील 80 टक्के खाटांसाठी उपचाराच्या प्रकारानुसार दिवसाचे 4,000, 7,500 व 9,000 रुपये असे दर बांधून दिले, आणि पुढील वर्षी शहरांच्या वर्गवारीनुसार ते लहान गावांसाठी कमी केले. साथ ओसरली आणि तो अंमलही संपला. जानेवारी 2021 मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. तो दर किती असावा, हे मात्र ते सांगत नाहीत.

या वाटचालीतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. बिल भरणारी योजना आवश्यक आहे, पण ती गावच्या दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही. आणि दर न बांधता केवळ बिले भरीत राहिल्यास सरकारी तिजोरीही अपुरीच पडेल. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते, ते साध्य झालेले नाही. म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक सुजाण नागरिकाने ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराजवळ दोन गोष्टींचा आग्रह धरावा: उपकेंद्रात बारा महिने औषध असावे, आणि खाजगी उपचारांचे दर कायद्याने बांधलेले असावेत.