मुक्काम आगबोटीवर!

मुलगा किंवा लेक अमेरिकेत असली, की आपल्यापैकी पुष्कळजणींची एक तरी वारी तिकडे होतेच. बाळंतपण पार पडते, बारसे होते, मेतकूट-मसाल्याच्या बरण्या भरून होतात आणि मग एके दिवशी जावईबापू म्हणतात, "आई, आता चार दिवस मोटारीने फिरून येऊ." कॅलिफोर्नियात असाल तर हा बेत बहुधा समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला जाण्याचा असतो. सॅन फ्रान्सिस्कोहून निघायचे आणि एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला पॅसिफिक असे करीत लॉस एंजेलिस गाठायचे. रात्रीच्या मुक्कामाला रस्त्याकडेची मोटेल्स असतात, पण ती सगळी एकाच छापाची. दोन पलंग, एक टीव्ही, कॉफीचे यंत्र. सकाळी उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत, हे आठवावे लागते!

अशा सहलीत एक मुक्काम मात्र कायम लक्षात राहील असा करता येतो. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर लाँग बीच नावाचे बंदराचे शहर आहे. तिथे 'क्वीन मेरी' ही जुनी आगबोट कायमची धक्क्याला बांधून ठेवलेली आहे आणि तिच्यातल्या खोल्या हॉटेल म्हणून मिळतात. मोटार धक्क्यावर लावायची, बॅगा उचलायच्या आणि थेट बोटीवर झोपायला जायचं! बोट जागची हलत नाही, तेव्हा 'मला बाई बोट लागते' ही सबबसुद्धा चालायची नाही.

खोली कशी असते?

पहिल्यांदा बोट समोर दिसते तेव्हा ती बोट वाटतच नाही, एखादी लांबच लांब चाळ वाटते. लांबी ३११ मीटर, म्हणजे आपली चौदा डब्यांची आगगाडी तिच्या शेजारी उभी केली तर जेमतेम बरोबरी होईल. वर काळ्या-तांबड्या रंगाची तीन धुराडी.

आत गेल्यावर डोळ्यांत भरते ते लाकूडकाम. ही बोट बांधली तेव्हा ब्रिटिश साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून पन्नासहून अधिक जातींचे लाकूड आणून भिंती मढवल्या होत्या. हॉटेलच्या खोल्या म्हणजे बहुतांशी जुन्या पहिल्या वर्गाच्या केबिन. त्यामुळे खोल्यांतही ते लाकूड अजून पाहायला मिळते. खिडकीच्या जागी वाटोळी काचेची झरोकी. न्हाणीघरात काही ठिकाणी अजून जुने चार-चार नळ दिसतात. गरम आणि गार, गोडे आणि खारे, असे चारी प्रकारचे पाणी पूर्वीच्या उतारूंना मिळे. त्या काळी समुद्राच्या पाण्याने स्नान करणे प्रकृतीला चांगले मानीत. आता खारे पाणी येत नाही, नळ मात्र जागेवर आहेत.

लांब बोळातून चालताना जमीन पुढे किंचित चढत जाते, असे वाटेल. तो भास नव्हे. बोटीचे मजले दोन्ही टोकांना थोडे उचललेले असतात, लाटांसाठी केलेली ती सोय आहे.

जुन्या जेवणघराला तर जरूर भेट द्या. तिथल्या भिंतीवर अटलांटिक महासागराचा भलामोठा नकाशा आहे. प्रवास चालू असताना त्यावर काचेची एक छोटी बोट पुढे पुढे सरकत असे. जेवता जेवता उतारूंना कळे, की आज आपण इथवर आलो. घरी निघालेल्याला आणि घर सोडून निघालेल्याला तो नकाशा किती वेगवेगळा दिसत असेल, नाही?

राणीचे दिवस

स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक इथे १९३० च्या डिसेंबरात हिचे बांधकाम सुरू झाले. वर्षभरात जागतिक मंदीने काम बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. अर्धवट सांगाडा दोन वर्षांहून अधिक काळ गावाच्या उरावर तसाच उभा होता. १९३४ मध्ये सरकारने कर्ज दिले तेव्हा काम पुन्हा लागले. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला खुद्द राणी मेरीच्या हस्ते बोट पाण्यात सोडण्यात आली. २७ मे १९३६ रोजी साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे तिची पहिली सफर निघाली. पुढे १९३८ साली तिने चार दिवसांच्या आत अटलांटिक ओलांडून वेगाचा जो विक्रम केला, तो १९५२ पर्यंत टिकला.

मग युद्ध आले. सारा साज उतरवून बोटीला राखी रंग फासला आणि तिला सैनिक वाहण्याच्या कामाला जुंपले. १९४० च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियन शिपाई घेऊन ती आपल्या मुंबईलाही येऊन गेली. १९४३ च्या जुलैत तर एकाच फेरीत तिने १६,६८३ माणसे नेली. एकेक बिछाना शिपायांनी पाळीपाळीने वापरायचा!

बोटीवर आज भुताखेतांच्या गोष्टी फार सांगतात, त्यासाठी खास तिकीटसुद्धा असते. पण खरी घडलेली गोष्टच त्याहून भयंकर आहे. २ ऑक्टोबर १९४२ रोजी आयर्लंडजवळ तिची टक्कर तिच्याच रक्षणाला आलेल्या 'कुराकोआ' या युद्धनौकेशी झाली. युद्धनौकेचे दोन तुकडे झाले. पाणबुड्यांच्या भीतीमुळे 'कोणत्याही कारणाने थांबू नये' असा हुकूम होता, म्हणून 'क्वीन मेरी' तशीच पुढे गेली. तीनशेहून अधिक खलाशी बुडाले. मुले बरोबर असतील तर भुताच्या तिकिटापेक्षा ही हकीकत त्यांना सांगावी.

नव्या सुनांची बोट

आपल्याला सर्वांत जवळची वाटेल अशी गोष्ट १९४६ सालची आहे. युद्धाच्या काळात इंग्लंडात राहिलेल्या अमेरिकन शिपायांनी तिथल्या मुलींशी लग्ने केली होती. युद्ध संपले, नवरे परत गेले, आणि या बायका मागून निघाल्या. सरकारने त्यांना पोचवण्यासाठी बोटी दिल्या, त्यांतली एक ही. १९४६ च्या फेब्रुवारीत 'क्वीन मेरी' साउदॅम्प्टनहून नव्या सुना आणि तान्ही मुले घेऊन न्यूयॉर्कला गेली. त्या वर्षात तिने अशा कितीतरी फेऱ्या केल्या. अमेरिकेला आणि कॅनडाला मिळून हजारो बायका-मुले तिने पोचवली.

विचार करा, वीस-बावीस वर्षांची पोर, कडेवर मूल, नवऱ्याबरोबर संसार असा झालेलाच नाही, सासूचे तोंड पाहिलेले नाही. आणि माहेर आता समुद्रापलीकडे. सणावाराला येऊ-जाऊ असे म्हणण्याची सोय नाही. आपल्याकडे सासरी जाणाऱ्या मुलीचे डोळे वेशीपर्यंत मागे वळतात, यांना तर तब्बल पाच-सहा दिवस समुद्रच समुद्र. बोटीच्या कठड्याला हात लावून उभ्या राहाल तेव्हा त्या पोरींची आठवण ठेवा. आपल्यापैकी जिची लेक विमानात बसून तिकडे गेली आहे, तिला जास्त सांगायला नको.

सांभाळायची म्हणजे काय?

पुढे अटलांटिकवर जेट विमाने सुरू झाली आणि चार दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. १००१ वेळा महासागर ओलांडल्यावर बोट विकायला निघाली. लाँग बीच शहराने ती साडेचौतीस लाख डॉलरला घेतली. दक्षिण अमेरिकेला वळसा घालून ९ डिसेंबर १९६७ रोजी ती इथे आली. बॉयलर काढून टाकले, १९७१ मध्ये ती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली आणि १९७२ मध्ये हॉटेल सुरू झाले. तिची जोडीदार बोट 'क्वीन एलिझाबेथ' त्याच वर्षी हाँगकाँगच्या बंदरात आगीत भस्म झाली. तेव्हा ही वाचली, हेच नवल.

पण वस्तू वाचवणे वेगळे आणि सांभाळणे वेगळे, हे घर चालवणारीला सांगायला हवे का? खारा वारा लोखंडाला सोडत नाही. मूळची धुराडी उतरवली तेव्हा ती इतकी गंजलेली होती, की तशीच नवी करून बसवावी लागली. २०१७ च्या एका पाहणीत दुरुस्तीचा अंदाज निघाला तेवीस ते एकोणतीस कोटी डॉलर! खरेदीची किंमत त्यापुढे किस झाड की पत्ती. २०२० साली करोनात बोट बंद झाली आणि २०२१ मध्ये शहराने कारभार स्वतःकडे घेतला. तळापासून डागडुजी करून २०२३ मध्ये ती पुन्हा उघडली. एवढा खर्च करावा की मोडीत काढावी, यावर त्या गावात वाद झाले आणि पुढेही होतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र आपल्या घरातला अनुभव असा, की माळ्यावर बांधून ठेवलेले पितळेचे पातेले काळे पडते आणि रोजच्या वापरातले चकचकीत राहते. बोटीचेही तसेच आहे. रोज कोणीतरी खोली घेते, म्हणून रोज कोणीतरी दिवे लावते, गळका नळ पाहते.

जाणार असाल तर

• खोली ठरवताना बाहेरच्या बाजूची, झरोका असलेली मागा. आतल्या खोल्यांना उजेड नसतो.

• नव्या हॉटेलची ऐट अपेक्षू नका. खोली जुनी आहे, भिंतीपलीकडचे आवाज येणारच. ज्यांची झोप सावध असते त्यांनी कानात कापसाचे बोळे घालावेत!

• इंजिनघर जरूर पाहावे, पण तिथले जिने उभे आणि अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी जपून उतरावे. साडीपेक्षा सलवार-कमीज बरी, आणि पायात सपाट चपला.

• उन्हाळ्यातही संध्याकाळी गार वारा सुटतो. स्वेटर हाताशी ठेवा.

• शाकाहारी असाल तर जेवणाची सोय आधी विचारा. जवळच आर्टिशिया गावी पायोनियर बुलेवर्ड या रस्त्यावर आपल्याकडची दुकाने आणि खाणावळी आहेत. येता-जाता तिथे थांबता येते.

• राहण्याचा खर्च जड वाटला तर दिवसाचे तिकीट काढून नुसती बोटही पाहता येते. पण जमले तर एक रात्र राहाच. पहाटे सगळे झोपलेले असताना डेकवर जा. बंदरातले दिवे एकेक विझत असतात, खाली पाणी संथ असते. अशा वेळी मुलांना किंवा नातवंडांना शेजारी उभे करून त्या नव्या सुनांची गोष्ट सांगा. इतिहासाच्या पुस्तकात ती फारशी सापडायची नाही, आणि आपल्याइतकी मनापासून ती दुसरे कोण सांगणार?